डाव्या पंखातला बुश

त्या शनिवारी बाबा हँगरच्या दारात उभे राहून पावात घातलेलं सॉसेज खात होते आणि नॉर्बर्ट क्यूल त्यांच्या विमानात खोट काढत होता. म्हणजे सगळं नेहमीसारखंच चाललं होतं.

"ऑर्लिन, हा डावा पंख तू कुठल्या पायाने बांधलास रे?"

"ज्या पायाने तू विमान उतरवतोस, त्याच पायाने," बाबा म्हणाले.

नॉर्बर्टचा हँगर बाबांच्या शेजारीच. चाळीस वर्षं त्याने चीजच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केली होती, आणि निवृत्तीनंतर आमच्या गवती धावपट्टीवरची दहा-बारा घरगुती विमानं तोच तपासायचा. पैसे घ्यायचा नाही, टोमणे मात्र भरपूर मारायचा.

मे महिना होता आणि बाबांच्या विमानाची वार्षिक तपासणी काढली होती. पंखांखालची झाकणं काढून कापडावर ओळीने मांडलेली होती, प्रत्येकाचे स्क्रू अंड्यांच्या खोक्यातल्या आपापल्या खळग्यात. मी दीड तास गाडी चालवून आले होते, दरवर्षी येते तशी. माझं काम ठरलेलं असे. पंखातली भोकं लहान आणि बाबांचे हात मोठे, म्हणून आत हात घालायचा तो मी.

हे विमान बाबांनी आमच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं खपून बांधलं. मी आठ वर्षांची असताना सुट्या भागांची पहिली पेटी आली. शेपटीकडचं नळकांडं इतकं अरुंद असतं की त्यात लहान मूलच मावतं. आमच्या भागात घरी विमान बांधणाऱ्यांच्या निम्म्या मुलांनी आपल्या सुट्ट्या तिथे काढल्या आहेत. बाहेरून बाबा पत्रे जोडणाऱ्या रिवेटवर हवेची हातोडी धरायचे, आतून मी लोखंडी ठोकळा दाबून धरायचे. "झालं?" बाबा बाहेरून ओरडायचे. "झालं!" मी आतून ओरडायचे. आमच्या दोघांमध्ये जे काही बोलणं झालं, त्यातलं बरंचसं या एका शब्दात झालं.

या वर्षी विमान चालवायचा दांडा हलवला की डावीकडे जरा खुळखुळतंय, असं बाबांना जाणवलं होतं. विमान डावी-उजवीकडे कलतं ते पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्यांमुळे. दांड्याची ओढ त्या फळीपर्यंत पोचवायला पंखाच्या पोटात एक तिकोनी हात असतो. तो हात एका बोल्टभोवती फिरतो, आणि बोल्ट व हात यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी एक पितळी नळी असते, तिला बुश म्हणतात. बाबांनी जुना बुश काढून उजेडात धरला. आतून गुळगुळीत होता, पण एका बाजूने लांबट झाला होता.

"चौदाशे तास," ते म्हणाले. "वाईट नाही."

"तू ग्रीस घालायचा मूर्खपणा केला नसतास तर दोन हजार गेला असता," नॉर्बर्ट म्हणाला. "तेल पिणारं पितळ आहे ते. ग्रीस लावलं की धूळ चिकटते आणि ती कानशीसारखी घासते."

"एकदाच लावलं होतं, चौऱ्याण्णव साली. किती वर्षं ऐकवणार आहेस?"

"तू जिवंत आहेस तोवर."

बाबांनी जुना बुश कॉफीच्या डब्यात टाकला. त्या डब्यात सत्तावीस वर्षांचे सगळे झिजलेले बुश होते, प्रत्येकाला दोऱ्याने तास आणि तारीख बांधलेली. अगदी सुरुवातीचे पांढरे नायलॉनचेही होते. फेकत का नाही, असं मी कधीतरी विचारलं होतं. "बुश झिजला म्हणून बोल्ट वाचला, पंख वाचला," ते म्हणाले होते. "झिजायचं काम त्याने केलं, मग फेकायचं कशाला?"

नवा बुश त्यांनी नॉर्बर्टच्या लेथवर आदल्या आठवड्यात कातला होता. तो तिकोनी हातात बसवून मी पंखात सरकवला, बोल्ट घातला, वॉशर, नट. बाबांनी टॉर्क पाना माझ्या हातात दिला, नट पुरेसा आवळला की टक् वाजणारा. आकडा त्यांनी आधीच लावून ठेवला होता. "टक् वाजेपर्यंत," ते म्हणाले, आणि इंजिनाकडे गेले.

टक् वाजलं. मी तिकोनी हात हलवून पाहिला, तर तो जागचा हलेना. म्हणजे हलत होता, पण गंजलेल्या बिजागरीसारखा अडत. हाक मारायला हवी होती. पण बाबा आणि नॉर्बर्ट पलीकडे हसत होते, माझा खांदा दुखत होता की मान ते मला कळत नव्हतं, आणि मला वाटलं, फिरणारी वस्तू आहे, एवढी कशाला आवळायची? मी साधा पाना घेतला आणि नट अर्धा आटा मागे फिरवला. हात लोण्यासारखा फिरू लागला.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

"छान. तू केलंस ना, मग मी झाकणं लावून टाकतो. तू निघ, अंधार व्हायच्या आत पोच." त्यांनी मला अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून लिंबाच्या वड्या दिल्या. नॉर्बर्टच्या बायकोने केलेल्या. मी गाडी वळवली तेव्हा ते दारात कापडाला हात पुसत उभे होते, आणि मी नीट पाहिलंही नाही, कारण रस्त्यावर ट्रॅक्टर येत होता.

रविवारी सकाळी सव्वानऊला नॉर्बर्टचा फोन आला. बाबा पंचवीस मैलांवरच्या एका धावपट्टीवर पॅनकेक खायला निघाले होते. आमच्याकडची माणसं उन्हाळाभर तेच करतात. तीन डॉलरच्या नाश्त्यासाठी तीस डॉलरचं पेट्रोल जाळतात. वाटेत ते डेलमार नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या लसूणघासात उतरले होते. विमानाच्या पुढच्या चाकावरचं आवरण तेवढं फुटलं होतं. पेट्रोलची चावी बंद होती, बटणं बंद होती, पट्टा लावलेला होता. डेलमार धावत पोचला तेव्हा बाबा आसनावर बसल्या जागी गेलेले होते.

हृदय, डॉक्टर म्हणाले. त्यात कुणाला शंका नव्हती. एकाहत्तरचे होते, आणि गोळ्या घेताना हिशेब ठेवत नसत.

मलाही शंका नसती. पण अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात, हॅमचे पाव आणि नूडल्सच्या भांड्यांच्या रांगेत, डेलमार माझ्याजवळ आला. भला माणूस, टोपी हातात धरून उभा राहिला. "मी ट्रॅक्टरवरून बघत होतो, ब्रिट," तो म्हणाला. "सरळ येत होता. मग डावा पंख खाली गेला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा गेला. दोन-तीनदा. जसं काही हँडल अडकतंय. पण उतरवलं बघ त्याने! माझं एक पानही वाया गेलं नाही."

मी त्याचे आभार मानले. माझ्या हातात कागदी बशी होती, ती मी टेबलावर ठेवली. "आवडतं तेच करताना गेले," असं त्या दिवशी मला वीस जणांनी सांगितलं आणि मी वीस वेळा मान डोलावली. माझ्या डोक्यात एकच शब्द होता. अडकतंय.

विमान अपघात तपासणारा सरकारी माणूस मंगळवारीच येऊन गेला होता. त्याने दांडा दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला, फळ्या हलल्या, फोटो काढले. डॉक्टरांचा कागद समोर असताना पंखाचं पोट उघडायचं त्याला कारण नव्हतं. कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी ग्रंथालयात काम करते. काही कळेनासं झालं की मी वाचते. ही सवय चांगली की वाईट, मला माहीत नाही. बाबांच्या कपाटात विमान बांधणाऱ्यांच्या मंडळाची तीस वर्षांची पत्रकं होती. ती मी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर वर्षवार लावली. चौथ्या दिवशी सापडलं. कुणा जाणत्या माणसाने लिहिलं होतं की नवशिका एक चूक हमखास करतो. तिकोनी हात अडला की तो नट सैल करतो, कारण त्याला वाटतं, हात बोल्टवर फिरतो. तसं नाही. बुश हाताच्या भोकापेक्षा केसभर लांब असायला हवा. मग बोल्ट आवळला की बुश घट्ट पकडला जातो आणि हात बुशवर फिरतो. अडत असेल तर हाताचं तोंड, म्हणजे भोकाची कड, कानशीने घासा, नट सैल करू नका. सैल सोडला तर बुशच बोल्टवर फिरेल, आणि मग जे झिजायचं नाही तेही झिजेल.

ते मी तीनदा वाचलं. पुढे लिहिलं होतं की ही झीज हळूहळू होते, तास-दोन तासांत नाही. पण ती ओळ माझ्या मनात टिकेना. तिरका झालेला बुश, त्यात अडणारा हात, आणि दांड्याशी झगडणारे बाबा, हेच मला दिसत होतं. हृदयाचा झटका आधी आला की नंतर? डॉक्टरांच्या कागदात याचं उत्तर नव्हतं. ते पंखात होतं.

विमान डेलमारच्या शेतातून ट्रेलरवर घालून परत हँगरमध्ये आणलं होतं. पुढच्या शनिवारी नॉर्बर्टचा फोन आला. "ये जरा. त्याची हत्यारं कुठली आणि मी उसनी दिलेली कुठली, हे तुझ्यासमोरच ठरवतो. नाहीतर वर गेल्यावर चोर म्हणेल मला."

मी गेले. हँगरमध्ये तोच वास होता. बाबांचा कोट खिळ्याला होता. नॉर्बर्टने थर्मासमधून कॉफी ओतली, आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो, आणि मग माझ्याच्याने राहवेना.

"नॉर्बर्ट, मला डाव्या पंखाचं ते झाकण उघडायचंय."

"कशाला?"

"बघायचंय."

त्याने स्क्रूड्रायव्हर दिला. "सहा आहेत. अंड्यांचं खोकं तिथे आहे."

मी पंखाखाली गवताच्या गादीवर उताणी पडले. पहिले दोन स्क्रू सुटले. तिसरा निसटून माझ्या गळ्यावर पडला. सहावा निघाला, झाकण उघडलं, आणि मी आरसा आणि बॅटरी आत घातली.

नटावर गुलाबी पट्टा होता.

माझी आई गेली तेव्हा तिच्या ड्रॉवरमध्ये नखांना लावायच्या गुलाबी रंगाच्या सात बाटल्या होत्या. बाबांनी त्या हँगरमध्ये आणल्या. आवळलेल्या प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत ते एक बारीक रेघ ओढायचे. नट पुढे कधी सरकला तर रेघ तुटलेली दिसते. मी ते ऐकून होते, पण पट्टे ओढताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी नेहमी त्याआधीच निघालेली असायचे.

रेघ अखंड होती.

"नॉर्बर्ट," मी म्हणाले, "रंग लावण्याआधी ते काय करायचे?"

"पाना परत लावायचा. प्रत्येक नटाला. टक् ऐकल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचा नाही. माझ्याही कामाला लावायचा, गाढव. मी चाळीस वर्षं मशिनी सांभाळल्यात, आणि हा माझ्या मागून पाना घेऊन फिरणार! मी पण त्याच्या मागून फिरायचो म्हणा."

मी हात आत घातला आणि तिकोनी हात हलवला. लोण्यासारखा फिरला. मग तो वर-खाली दाबून पाहिला. खुळखुळ नाही, जराही नाही.

"सरक," नॉर्बर्ट म्हणाला आणि गुडघ्यांना शिव्या देत माझ्या शेजारी आडवा झाला. त्याने आरसा फिरवला. "अरे! हे बघ. हाताच्या तोंडावर कानस चाललीय. पत्रा चकाकतोय. हे बाहेर काढल्याशिवाय होत नाही. सगळं परत खोललं असणार त्याने." मग त्याने आरसा खाली घेतला. "हां. त्या शनिवारी संध्याकाळी माझ्याकडून बारीक कानस घेऊन गेला होता. मी जेवत होतो. म्हटलं, काय झालं? म्हणाला, हाताचं तोंड जरा लांब राहिलंय. म्हटलं, कुणी ठेवलं? म्हणाला, मीच मापात चुकलो."

आम्ही दोघं पंखाखाली पडून होतो. वर उघड्या भोकातून तेलाचा एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता.

"मग डेलमारने पाहिलं ते?" मी विचारलं. "पंख दोन-तीनदा कलला ते?"

"त्या आसनावर बसलं की दांडा डाव्या हातात असतो, ब्रिट. झटका येतो तेव्हा डाव्या हातातलं बळ जातं. त्याने हात बदलला असणार. उजव्यात घ्यायचा, पेट्रोल बंद करायला सोडायचा, पुन्हा घ्यायचा. एका हाताने सगळं." त्याने आरसा माझ्या हातात दिला. "दांडा अडला असता तर डेलमारच्या घासात तो असा उतरला असता का? विमानाने त्याचं शेवटपर्यंत ऐकलं. तू हेच धरून बसली होतीस की काय इतके दिवस?"

श्वास आत गेला तो बराच वेळ जातच राहिला, जणू इतके दिवस मी अर्धाच घेत होते. नॉर्बर्टने खिशातून एक मळका रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि परत ठेवून दिला. ते पाहून मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. नळकांड्यात उकडत होतं, ठोकळा माझ्या हातातून निसटला आणि एक रिवेट वाकडा बसला. बाबांनी "झालं?" म्हणून विचारलं, आणि मी "झालं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या जागी नवाकोरा रिवेट होता. त्यांनी एक शब्द काढला नाही. मीही नाही. मला वाटायचं, बाबा माझ्यावर कधी विश्वास ठेवत नाहीत, म्हणून मागून तपासतात. त्यामुळे मी अजूनच जोरात "झालं" म्हणायला शिकले.

"एकदा दांडा फिरवून बघू," नॉर्बर्ट म्हणाला. "झाकण लावायच्या आधी करायचं असतं. तुझा बाप असता तर आपल्याला सोडलं नसतं." तो धडपडत उठला, पंखावर चढला आणि कण्हत बाबांच्या आसनात बसला. मी खालीच राहिले. दांडा उजवीकडे गेला, डावीकडे गेला. तिकोनी हात माझ्या डोळ्यांसमोर अलगद इकडून तिकडे फिरत होता आणि त्याच्या मधोमध तो नट गुलाबी रेघेसकट निश्चल होता.

मी बोट आत घालून रेघेवर टेकवलं. कडक वाळली होती. एका टोकाला ती जरा जाड होती, तिथे ब्रश थांबला असावा.

"झालं?" नॉर्बर्ट वरून ओरडला. त्याला काही माहीत नव्हतं. या हँगरमध्ये सगळे असंच विचारतात.

माझ्या तोंडात सवयीने तोच शब्द आला. मी तो गिळला.

"नव्हतं झालं, बाबा," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, नॉर्बर्टला ऐकू जाईल इतकं. "तो अडत होता, मला कळेना, म्हणून मी सैल केला, आणि झालं म्हणून सांगितलं. तो रिवेटही वाकडा होता. तुम्ही बघितलंत ते बरं केलंत."